मार्थाबायचा वाटा

घिवलीच्या रंभाबाईला एक खोड होती. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. बाजारात एखादी बाई नेहमीपेक्षा कमी मासळी घेऊन निघाली की ही तिला अडवून विचारायची, "काय गो, घरातली माणसं कमी झाली का भांडण झालं?" आणि उत्तर मिळेपर्यंत वाट सोडायची नाही. तिची भावजय मैनाबाई म्हणायची की नणंदेला मासळीचा वास येईनासा झालाय, पण शेजारच्या घरातल्या कुजबुजीचा वास मात्र फर्लांगावरून येतो. ती हे चेष्टेत म्हणायची, पण त्यात खोटं काही नव्हतं.

तर ही रंभाबाई सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला, म्हणजे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं त्या वर्षांत, बोईसरच्या रस्त्यावरच्या एका बालकाश्रमात स्वयंपाकाला होती. ती तिथे कशी गेली ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही.

तिचा नवरा तिच्याच भावाच्या, बुधाच्या होडीवर जायचा. एका वादळात तो दर्यात पडला. होडी परत आली, तो आला नाही. आता घिवलीच्या किनाऱ्यावर एक रीत होती. होडीच्या कामाला ज्यानं हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळायचाच. जाळं ओढा, होडी वाळूवर घ्यायला खांदा द्या, नाहीतर वाटेनं जाता जाता दोराला नुसता हात लावा, निघताना तुमच्या हातात मासळी पडणार. आणि दर्यावर गेलेल्या माणसाचा वाटा त्याच्या घरी पोचणार. त्या रीतीनं बुधा मेलेल्या मेहुण्याचा वाटा बहिणीच्या दारात आणून ठेवत राहिला. महिने गेले, वर्ष गेलं, टोपली येतच होती. रंभाबाई ती मासळी साफ करायला बसे आणि तिचे हात थांबत. शेवटी एक दिवस तिनं भावाला सांगितलं, "बुधा, ज्याचा हात नाय त्याचा वाटा नको धाडू. मला सोसत नाय."

टोपली यायची बंद झाली. पण मग घर असं सुनं झालं की त्या घरात बसणं म्हणजे शिक्षाच. पोरंबाळं नव्हतीच. आश्रमाला स्वयंपाकीण हवी आहे असं कानावर आलं आणि ती गेली. लोक म्हणाले, पोटासाठी गेली. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला घरात करमत नव्हतं, एवढंच.

आश्रम चालवायच्या वत्सलाताई. खादीचं लुगडं, करडा आवाज आणि मऊ मन. पोरं बहुतेक आतल्या डोंगरपाड्यांवरची. कुणाचे आईबाप गेलेले, कुणाचे कामाच्या मागे दूरदेशी गेलेले. त्यांतलीच एक ठमी, पाच-सहा वर्षांची. आई बाळंतपणात गेली होती. बाप चिंतू दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जाताना तिला इथे सोडून गेला होता. "पावसाच्या आत येतो," म्हणाला होता. पाऊस आला, सरला, दुसरी दिवाळीही झाली. चिंतूचा पत्ता नव्हता.

ठमी दिवसभर फाटकापाशी बसायची. रडायची नाही, हट्ट करायची नाही, फक्त जेवायची नाही. दोन घास खाल्ले की ताटली बाजूला. रंभाबाईनं तिच्यासाठी काय केलं नाही? तांदळाची गरम भाकर केली, गूळ चुरून दिला, कोलंबीचं कालवण केलं, मांडीवर घेऊन भरवून पाहिलं. ठमी तोंड उघडायची, एक घास घ्यायची आणि तो गालातच धरून रस्त्याकडे बघत बसायची. बोईसरचे डॉक्टर येऊन गेले. पोटात काही दोष नाही म्हणाले, पण पोर असंच राहिलं तर येता पावसाळा काढणं कठीण. हे ऐकल्यापासून रंभाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या हातच्या जेवणाला आजवर कोणी नाही म्हटलं नाही, आणि हे एवढंसं पोर म्हणतं, याचा तिला राग यायचा आणि रडूही यायचं.

अशात मार्थाबाय आली.

बांधकामावर अमेरिकेतून आलेल्या साहेबांची वसाहत होती. त्यातल्या एका इंजिनिअरची ही बायको. उंच, नाकावर ठिपके ठिपके, अंगात फुलाफुलांचा झगा. दर गुरुवारी जीप तिला आश्रमाच्या दारात आणून सोडायची आणि दुपार कलली की घेऊन जायची. ती पोरांची नखं कापायची, डोक्यातल्या उवा काढायची, फाटक्या चड्ड्यांना गुंड्या लावायची. पगार नाही, चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणायची. मराठी तिला येत नव्हतं. 'ये', 'बस', 'दे' आणि 'छान', एवढ्या चार शब्दांवर तिचं चालायचं.

झालं, रंभाबाईच्या खोडीला खाद्य मिळालं. फुकट राबणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. ती ज्याला त्याला विचारत सुटली. वत्सलाताई म्हणाल्या, "सेवा करते हो ती." रंभाबाईला ते पटलं नाही. सेवा करायला येणाऱ्या बाया तिला ठाऊक होत्या. मुंबईहून मोटारीनं यायच्या, मान वाकडी करून पोरांशी बोबडं बोलायच्या, केळी वाटायच्या, फोटो काढायच्या आणि जायच्या. ही तर पोरांशी सागरगोट्यांत हरली की खरोखर रुसून बसायची. फाटकावरचा म्हातारा झिपरू म्हणाला, ही आपली माणसं मोजायला आली असेल, सरकारचं काम असेल. मैनाबाईनं छातीठोक सांगितलं, "नवस हाय तिचा. पोर होत नसेल." त्यावर रंभाबाईनं एका गुरुवारी मार्थाबायच्या पोटाकडे इतकं निरखून पाहिलं की ती बिचारी झग्यावर काही सांडलंय का ते बघायला लागली.

एक मात्र रंभाबाईच्या लक्षात आलं होतं. पोरांचं आटोपलं की मार्थाबाय फाटकापाशी ठमीजवळ जाऊन बसायची, जमिनीवर, झगा धुळीत. बोलायची नाही. बोलणार तरी काय. ठमी रस्त्याकडे बघायची, हीसुद्धा रस्त्याकडे बघायची. जशी काही हिलाही कुणाची वाट बघायची होती.

होळी झाली आणि पावसाळ्याच्या बेगमीची घाई सुरू झाली. रंभाबाई दरवर्षी बुधाच्या होडीवरचे ओले बोंबील आणून आश्रमाच्या मागच्या अंगणात सुकवायची. बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणायच्या, एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबलांनी भरलेल्या पाट्याच्या पाट्या समोर पडलेल्या असताना हे काम एकटीनं उरकत नाही. त्या गुरुवारी मार्थाबाय मागच्या दारात आली, बराच वेळ नाक दाबून उभी राहिली, आणि मग नाक सोडून सरळ बाह्या वर सारून पुढे आली.

ती जिथली होती तिथे म्हणे समुद्रच नव्हता, नुसती मक्याची शेतं. असला लिबलिबीत, दातेरी मासा तिनं कधी हातात घेतला असेल? पहिला तिच्या हातून निसटला, दुसऱ्याचे दात बोटाला लागले. रंभाबाई तोंडाला पदर लावून हसली. पण बाई हटली नाही. तासाभरात तिला जोडी जमायला लागली. आणि मग काय झालं, तर फाटकापाशी बसलेली ठमी उठून आली. कुणी बोलावलं नव्हतं. पाटीतला एक एक बोंबील उचलून ती मार्थाबायच्या हातात द्यायला लागली. संध्याकाळी तिनं अर्धी भाकर खाल्ली. रंभाबाईनं ते कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

पुढच्या गुरुवारी बोंबील खडखडीत सुकले होते. मार्थाबायनं आणि ठमीनंही ते उतरवायला हात लावला. दुपार कलली, जीप आली. रंभाबाईनं मोठ्या मानानं केळीच्या पानात बोंबलांच्या चांगल्या जाड जाड जोड्या बांधल्या आणि मार्थाबायच्या हातात दिल्या. हा तिचा वाटा होता. मार्थाबायनं पान उघडून पाहिलं, गोड हसली, मान हलवली, पोरांकडे बोट दाखवलं, आणि सगळे बोंबील पाटीत परत ठेवले. मग हात हलवत जीपमध्ये बसून निघून गेली.

रंभाबाईला हे फार लागलं. कारण घिवलीला वाटा परत ठेवण्याचा अर्थ एकच होता. यापुढे तुमच्या होडीला माझा हात लागायचा नाही, तुमचा आमचा संबंध संपला. सख्खे भाऊ भांडून वेगळे व्हायचे तेव्हा असं करायचे. ती फाटकापाशी गेली आणि झिपरूला म्हणाली, "ही काय आता येत नाय. वाटा ठेवून गेली." बोलताना तिला भान राहिलं नाही की ठमी तिथेच, तिच्या पायाशी उभी आहे. ठमीनं सगळं बघितलं होतं आणि आता ऐकलंही.

त्या आठवड्यात ठमीनं काहीच खाल्लं नाही म्हटलं तरी चालेल. पेज ओठाला लावली की तोंड फिरवायची. अंगात कणकण भरली. फाटकापाशीही बसेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वत्सलाताईंनी मुंबईच्या इस्पितळात न्यायची तयारी चालवली. रंभाबाई चुलीपुढे बसून स्वतःच्या जिभेला शिव्या देत होती.

गुरुवार उजाडला. रंभाबाईनं दाराकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. आणि जीपचा भोंगा वाजला.

मार्थाबाय खाली उतरली. हातात नखं कापायची कात्री, काखेत थर्मास, जसं काही झालंच नाही. रंभाबाई हातातलं उलथनं तसंच धरून बघत राहिली. वाटा परत ठेवलेला माणूस पुन्हा त्याच दारात? असं घिवलीला कधी घडलं नव्हतं. ही कसली बाई म्हणायची?

मार्थाबाय ठमीपाशी गेली. ठमीनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. खांद्याला हात लावला तर अंग चोरून भिंतीला आणखी चिकटली. थोड्या वेळानं मार्थाबाय स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. मागे जीपचा ड्रायव्हर कमलाकांत होता, माहीमचा पोरगा, साहेबांच्या संगतीत इंग्रजी शिकलेला.

"मडम विचारतात, मी काय चूक केली?" कमलाकांत म्हणाला. "पोरगी अशी का करते?"

"ते मी सांगते," रंभाबाई म्हणाली. "पन आधी ती मला सांगू दे. ती हितं कशाला येते?"

"असं कसं विचारू, मावशी?"

"जसं मी विचारते तसं विचार."

कमलाकांतनं विचारलं. मार्थाबाय खाली मान घालून थोडंसंच बोलली.

"ती म्हणते, नवरा उजाडता कामावर जातो तो अंधार पडल्यावर येतो. घर चांगलं आहे, नोकर आहे, काही कमी नाही. पण तिला घरात करमत नाही."

"आनी?"

"आणि काही नाही. एवढंच."

रंभाबाई पाटावर बसली. सरकार नाही, नवस नाही, सेवासुद्धा नाही. इतके महिने ती ज्याचा माग काढत होती, ते तिच्याच पदराच्या गाठीला बांधलेलं निघालं. तिनं डोळे पुसले आणि आवाज मुद्दाम चढवला.

"मग वाटा का ठेवून गेली, विचार."

मार्थाबायला आधी कुठला वाटा तेच कळेना. कळल्यावर ती घाईघाईनं बोलायला लागली.

"ती म्हणते, पोरांच्या तोंडचा घास मी कसा नेऊ? मी इथे द्यायला येते, न्यायला नाही."

आता मात्र रंभाबाई भडकली. "तिला सांग, द्यायला येणारे लय येतात. देतात नि जातात, तोंड परत दिसत नाय. तिनं कामाला हात लावला. हात लावला म्हंजे ती आमच्यातली झाली. वाटा घेतला म्हंजे उद्या पुन्ना येनार. वाटा ठेवला म्हंजे संपला. पोरीनं तेच बघितलं." तिनं उलथनं खाली ठेवलं. "नि मीच तिच्या देखत तसं बोलले. तेपन सांग तिला."

कमलाकांतनं त्यातलं किती सांगितलं आणि किती गाळलं, त्यालाच ठाऊक. पण मार्थाबाय कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. मग तिनं आपले दोन्ही हात ओंजळ करून पुढे धरले.

"दे," ती म्हणाली.

रंभाबाईनं तिथे दिलं नाही. बोंबलांची पाटी उचलून ती ठमी पडली होती त्या खोलीत गेली, मार्थाबाय तिच्या मागून. पाटी ठमीच्या समोर ठेवली, पान पसरलं, जाड जोड्या निवडून बांधल्या आणि म्हणाली, "घे मार्थाबाय, तुजा वाटा." मार्थाबायनं तो घेतला, वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते पुडकं आपल्या पांढऱ्या चामड्याच्या पर्समध्ये कोंबून पर्स खटकन बंद केली. त्या पर्सचा वास पुढे कधी गेला असेल देव जाणे.

ठमीनं मान वळवली होती. ती पर्सकडे बघत होती. बघता बघता ती उठून बसली, मग भिंतीला धरून उभी राहिली आणि पाटीपाशी आली. तिनं आपला हात पुढे केला.

"माजा?" ती म्हणाली.

रंभाबाईला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. एवढी वर्षं तिनं या पोरांना वाढलं, माया लावून वाढलं, पण ते वाढणंच होतं. त्यांतल्या एकाही पोराला तिनं कधी कामाला लावलं नव्हतं, आणि ठमीनं आपणहून हात लावला तर तिचाही वाटा दिला नव्हता. घिवलीचं शेंबडं पोरसुद्धा दोराला लोंबकळून स्वतःचा वाटा मागतं. ही पोरं बसून खात होती, पाहुण्यासारखी.

तिनं ठमीच्या हातावर एक जोडी ठेवली, मोठ्या माणसाला देतात तशी. ठमीनं ती खाली-वर करून पाहिली. मग फतकल मारून बसली, एकाच्या जबड्यातून दुसऱ्याचा जबडा सोडवला आणि एक बोंबील रंभाबाईकडे धरला.

"हा माज्या बाचा," ती म्हणाली. "ठेव."

ज्याचा हात नाय, असं रंभाबाईच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं. ठमीचा हात धरून ती तिला चुलीपाशी घेऊन आली आणि चुलीवरच्या दोरीला तो बोंबील तिच्या डोळ्यांदेखत टांगला. दुसरा ठमीनं स्वतः निखाऱ्यावर टाकला, उलटला, फुंकर मारली, आणि गरम भाकरीबरोबर डोक्यासकट खाल्ला. मग आणखी भाकर मागितली. मार्थाबाय दारात उभी राहून बघत होती आणि रंभाबाई तिच्याकडे बघत नव्हती, कारण बघितलं असतं तर दोघीही रडल्या असत्या आणि भाकर करपली असती.

त्याच संध्याकाळी रंभाबाईनं घिवलीला जाणाऱ्या एका बाईबरोबर भावाला निरोप धाडला. "बुधाला सांग, माज्या घरवाल्याचा वाटा पुन्ना धाडायला लाग. मी हाय खायला, नि हितं पोरं पन हायत."

दुसऱ्या दिवशी बुधा स्वतः टोपली डोक्यावर घेऊन आश्रमाच्या फाटकात उभा होता.